बाळाच्या रोजच्या वस्तू घेताना नक्की काय बघायचं?

मनूची_आई:
नमस्कार मंडळी. लेक आठ महिन्यांची आहे, आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. पुढच्या महिन्यात माझं ऑफिस सुरू होतंय, म्हणजे तिचा अर्धा दिवस पाळणाघरात आणि अर्धा दिवस सासूबाईंकडे. पाळणाघरवाल्या काकूंनी भलीमोठी यादी दिलीये, सिपर, डायपर, वाइप्स, क्रीम, कपड्यांचे जोड, चादर, "तिच्या आवडीची खेळणी", आणि मी रोज रात्री ती झोपली की फोन घेऊन बसते आणि जेवढं वाचावं तेवढं डोकं फिरतं. ज्याच्यात्याच्यावर ऑरगॅनिक, नॅचरल, टॉक्सिन फ्री. साधं लाळेरं घ्यायला गेले तर तेही बांबूचं म्हणे. किंमत बघून वाटतं महाग आहे म्हणजे चांगलंच असणार, मग तुळशीबागेत तसंच झबलं पाव किमतीत दिसतं आणि परत पहिल्यापासून सुरू.
दुसरीकडे सासूबाई. खूप प्रेमानं करतात सगळं, पण त्यांची यादी वेगळीच, काजळ, मोहरीची उशी, गळ्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी, बारशाला आलेले वाळे. आणि परवा माझा भाऊ लक्ष्मी रोडवरून वॉकर घेऊन आला, खोक्यातच आहे अजून.
तर पैसे कशावर घालवावेत, कशावर घालवू नयेत आणि सासूबाईंना कशाकशाला नाही म्हणायचं? सगळ्याच गोष्टींवर वाद घालायची माझ्यात ताकद नाहीये.

सूतगुंडी:
कपड्यांचं मी सांगते, माझं आयुष्य त्याच धंद्यात गेलंय. ऑरगॅनिक कॉटन म्हणजे कापूस पिकवताना रासायनिक खतं-कीटकनाशकं वापरली नाहीत, एवढंच. त्यानंतर त्याला रंग कुठला दिला, फिनिशिंग कशात केलं हे नुसत्या ऑरगॅनिक शब्दावरून कळत नाही. त्यासाठी जीओटीएस नावाचं सर्टिफिकेट असतं, त्यात ऑरगॅनिक कापूस शेतातून आल्यापासून शिलाईपर्यंतचे सगळे टप्पे तपासतात आणि लेबलवर लायसन्स नंबर असतो जो त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. नंबर नसेल आणि नुसतं हिरवं पान छापलं असेल तर ते पान दोनशे रुपयांना पडलं असं समजायचं.
बांबूचं तर विचारूच नका. बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढतात, तो धागा म्हणजे व्हिस्कोस. मऊ असतो, घाम टिपतो, वाईट अजिबात नाही, पण "निसर्गातून थेट बाळाच्या अंगावर" वगैरे काही नसतं.
तुळशीबागेतलं सुती झबलं बिनधास्त घ्या. फक्त दुकानात उभं राहून ते उलटं करून बघायचं. आतली शिलाई टोचते का, मानेमागचं लेबल कडक आहे का (असेल तर उसवून टाका, कात्रीनं कापलं तर उरलेली कडा जास्त टोचते), टिकल्या, मोती, बो काही चिकटवलंय का. चिकटवलेलं दोन धुण्यांत सुटतं आणि या वयात सुटलेली वस्तू सरळ तोंडात. घालायच्या आधी एकदा धुवायचं, नव्या कापडात खळ आणि जादा रंग असतो.
दोन गोष्टी मात्र लोक बघत नाहीत. एक म्हणजे नाड्या. टोपडं, कुंची, हुडीवाला स्वेटर, याच्या गळ्यापाशी लांब नाडी असेल तर काढून बटण किंवा वेलक्रो लावून घ्या, कोपऱ्यावरचा अल्टरेशनवाला लगेच करून देतो. रांगणारं मूल कशातही अडकतं, पलंगाची कडी, घसरगुंडीची फट, आणि नाडी गळ्याला आवळते. दुसरं म्हणजे मोजे. मोजा उलटा करून आत बघा, सुटे धागे लोंबत असतात. असा धागा, किंवा आईचा गळलेला केस, बोटाभोवती गुंडाळला जातो आणि आवळत जातो, बोट सुजतं, निळं पडतं. मूल किंचाळून रडतंय आणि कारणच सापडत नाही तेव्हा डॉक्टर आधी हातापायाची बोटं बघतात ते याचसाठी. बाळंतपणानंतर आईचे केस किती गळतात ते वेगळं सांगायला नको.

आजोळ:
अगं मनूच्या आई, मी स्वतः आजी आहे, सदाशिव पेठेतली, त्यामुळे सासूबाईंच्या बाजूनं बोलायचा हक्क मला आहे. तरी सांगते की त्यांच्या यादीतल्या सगळ्या गोष्टी सारख्या नाहीत. काही नुसत्या निरुपयोगी आहेत, त्यावर भांडू नकोस. काही खरंच धोक्याच्या आहेत, तिथे मात्र ऐकायचं नाही.
पहिल्या नंबरला पुरचुंडी. गळ्यात दोरा हाच एक धोका, त्यात कापूर. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि आठ महिन्यांचं मूल जे गळ्यात असेल ते चोखणारच. कापूर असलेले बाम सुद्धा दोन वर्षांच्या आतल्या मुलांना लावायचे नसतात, पाकिटावर वाचून बघ. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब मिळतात मेडिकलमध्ये, ते बालरोगतज्ज्ञांना विचारून घाल. आणि देवघरातला कापराचा डबा वरच्या फळीवर जाऊ दे, ती रांगायला लागली असेल एव्हाना.
त्याचाच भाऊ म्हणजे डांबरगोळ्या. ट्रंकेतली जुनी दुपटी, नणंदेच्या मुलाचे स्वेटर, हे सगळं मऊ आणि छान असतं, मीही तेच वापरलं. पण डांबरगोळीत ठेवलेले कपडे तसेच अंगावर घालायचे नाहीत. काही मुलांच्या रक्तात जी सिक्स पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, अशा मुलांना डांबरगोळीतल्या नॅफ्थलीनच्या नुसत्या वासानंही तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, आणि आपल्या मुलाला ते आहे की नाही हे बहुतेकांना माहीत नसतं. कडक उन्हात वाळवायचे, धुवायचे, वास पूर्ण गेला तरच घालायचे. पुढच्या वेळी ट्रंकेत कडुलिंबाचा पाला.
काजळ डोळ्यात नको. विकतच्या काही काजळांत, सुरम्यात शिसं सापडलेलं आहे, आणि घरी धरलेलं असलं तरी बोट डोळ्यात जातंच. दृष्ट काढायचीच असेल तर तळपायाला तीट लावा म्हणावं, तिथे कुणाची हरकत नाही.
मोहरीच्या उशीनं डोकं गोल होतं असं माझ्याही आईला वाटायचं. पहिलं वर्षभर झोपताना उशीच नको, मोहरीची नको आणि फोमची पण नको. सपाट, जरा कडक गादी, पाठीवर झोपवायचं, दोन्ही बाजूंना लोड लावायचे नाहीत. डोकं एका बाजूनं चपटं दिसत असेल तर मूल बसायला लागलं, पोटावर खेळायला लागलं की बरंच भरून येतं.
वाळे मात्र घालू दे गं. एवढं रुणझुणतात. फक्त घुंगरू एकेक ओढून बघ, कडी उघडी असेल तर सोनाराकडून झाळून घे आणि झोपताना काढून ठेव. काळ्या मण्यांच्या मनगट्या दोऱ्यात ओवलेल्या असतील तर त्या फोटोपुरत्या.
आणि हे तू त्यांना सांगू नकोस. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस आहेच, तेव्हा सासूबाईंना बरोबर घेऊन जा आणि त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक असतो, काय करणार.

मनूची_आई:
आजोळ, लसीची आयडिया भारी आहे 😄 कापराचं खरंच माहीत नव्हतं, मला वाटलं त्यातल्या त्यात निरुपद्रवी तीच एक गोष्ट असेल. पुरचुंडी आजच काढून ठेवली, सांगितलं की दोरा घासून मान लाल झालीये, जी झाली पण होती थोडी.

बाबा_ऑन_ड्यूटी:
खेळण्यांबद्दल. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, चौदा वर्षांच्या आतल्या मुलांसाठीची सगळी खेळणी, देशी असो की आयात केलेली. मार्कच्या वर आयएस 9873 किंवा सेलवर चालणारं असेल तर आयएस 15644 असं लिहिलेलं असतं आणि खाली सीएम/एल करून लायसन्स नंबर. तो नंबर बीआयएसच्या (आयएसआय मार्क देणारी सरकारी संस्था) बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे की नाही ते येतं. नुसता मार्क बघून उपयोग नाही, मार्क कुणीही छापतो. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंना यातून सूट आहे, त्यामुळे लाकडी खेळण्यावर मार्क नसला म्हणजे लगेच बोगस असं नाही, तिथे रंग उडतो का, कुसळं आहेत का, खुळखुळ्याचा जोड घट्ट आहे का ते आपलं आपण बघायचं.
आकार बघायची सोपी युक्ती, किचन टिश्यू किंवा टॉयलेट पेपर संपला की आतली पुठ्ठ्याची नळी ठेवून द्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या खेळण्यांची टेस्ट असते त्यात 31.7 मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो असं धरतात. पुठ्ठ्याची नळी त्याहून थोडी रुंद असते म्हणजे आपली टेस्ट जास्त कडक. या नळीतून भातुकलीची अर्धी भांडी जातात, करून बघा. म्हणजे तुळशीबागेत गेलात तरी पितळी भातुकली अजून तीन वर्षं कपाटात.
पण मला विचाराल तर खेळण्यांपेक्षा घरात फिरणाऱ्या वस्तूंची जास्त भीती आहे. बटण सेल, तो नाण्यासारखा चपटा. वजनकाट्यात असतो, कारच्या चावीत असतो, म्युझिकवाल्या ग्रीटिंगमध्ये असतो, दिवाळीत आणतो त्या सेलच्या पणत्यांमध्ये असतो. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आत भाजल्यासारखी जखम होते, सेल वापरून संपलेला असला तरीही. उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही, "बघू संडासातून पडतोय का" करत बसायचं नाही, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं जिथे एक्स-रे आणि एंडोस्कोपी दोन्ही आहे. ज्याच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नाही ते खेळणं मी घरात येऊच देत नाही, बायको म्हणते मी अती करतो.
आणि पुण्यात राहून कुणी हे बोलत नाही म्हणून मी बोलतो, टू व्हीलर. पाळणाघरात कशावर सोडणार आहात? चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधलेला हार्नेस, नऊ महिने ते चार वर्षांसाठी डोक्यात बसणारं हेल्मेट, आणि वेग 40 च्या आत, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. आपल्याकडे मोठ्यांच्या हेल्मेटवरून आंदोलनं होतात तिथे लहानांचं कोण बघतो. सकाळी राजाराम पूल बघा, अॅक्टिव्हाच्या पुढे मूल उभं, हँडलला तोंड टेकलेलं. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला बसेल असं हेल्मेट मिळत नाही आणि मान ते वजन पेलतही नाही, म्हणजे मनूला तूर्तास स्कूटर नाही. ऑरगॅनिक लाळेऱ्यांचे पैसे वाचवून रिक्षाला घाला.

मनूची_आई:
पाळणाघर सोसायटीच्या मागच्याच गल्लीत आहे, चालतच. पण माहेरी कोथरूडला आम्ही स्कूटरवरूनच जातो, बेबी कॅरियरमध्ये घेऊन... नवऱ्याला हे वाचायला देते.
डायपरचं कुणी सांगेल का? दिवसा कापडी, रात्री डिस्पोजेबल असं करतेय. पाळणाघरवाल्या काकू म्हणतात आम्ही कापडी धुणार नाही.

तिरकस_पेठकर:
आमच्या वेळी आजीच्या जुन्या नऊवारीचे लंगोट होते, वाइप्स म्हणजे नळाचं पाणी, आणि आम्ही जगलो. इथे आठ महिन्यांच्या मुलीसाठी अॅप डाउनलोड करा, नळकांडी लावा, नंबर टाका. मुलं वाढवताय की इस्रोचं यान पाठवताय?

आजोळ:
पेठकर, नऊवारीच्या लंगोटाला माझा पाठिंबाच आहे. पण त्या वेळी घरात बटण सेल नव्हते आणि प्रत्येक घरात एखादं मूल "देवानं नेलं" असायचं, ते का गेलं हे कुणी विचारत नव्हतं.

रिमझिम:
डायपरवर मी पीएचडी करून बसलेय, जुळे आहेत माझे. कापडी-डिस्पोजेबल हा धर्मयुद्धाचा विषय करू नका, पुरळ कशाने येतं तर ओलं जास्त वेळ राहिल्यानं, कापड असो नाहीतर जेल. काकूंना एवढंच सांगा की तीन-चार तासांनी बदला आणि शी झाली की लगेच, डायपर फुगेपर्यंत थांबू नका. "बारा तास कोरडं" हे रात्रीसाठी, पाळणाघरासाठी नाही. कापडीत एक मेख अशी आहे की पुण्यातल्या जुलै-ऑगस्टमध्ये ते वाळतच नाहीत, आतले जाड पॅड दोन-दोन दिवस दमट, आणि अर्धवट वाळलेलं घातलं की मांड्यांच्या घडीत फंगल. पावसाळ्यात मी सरळ डिस्पोजेबलवर यायचे आणि उन्हाळ्यात घरात असताना दुपारभर काहीच नाही, खाली एक रबरशीट, मूल खूश. गाल लाल झाले (खालचे 😄) तर झिंक ऑक्साइडवालं साधं क्रीम मेडिकलमध्ये मिळतं तेच लावायचं, जाड थर. चार-पाच दिवसांत गेलं नाही किंवा बाजूला बारीक लाल ठिपके आले तर डॉक्टर, कारण ते फंगल असतं आणि त्याचं मलम वेगळं.
पावडर यादीतून काढून टाका. घडीत साचते, आणि उडाली की बाळाच्या फुप्फुसात. जॉन्सनने सुद्धा टॅल्कची बेबी पावडर 2023 मध्ये जगभर बंद केली. वाइप्स बाहेर जाताना ठीक, बिनवासाचे घ्या, घरात कापूस आणि कोमट पाणी.
आणि कृपा करून वापरलेला डायपर तसाच कचऱ्यात टाकू नका. आपल्या इथे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई हातानं कचरा वेगळा करतात. वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, त्यांचं रेड डॉटचं आवाहन किती वर्षं चालू आहे आणि आमच्या सोसायटीत अजून मोजकीच घरं करतात.
पाळणाघरात आणखी एक विचारा, डासांसाठी काय करतात. कॉइल लावत असतील तर नको म्हणा. पुण्यातल्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मोजलं होतं, एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण साधारण शंभर सिगारेटींइतके भरले. डेंग्यूच्या भीतीनं लोक बंद खोलीत लावतात आणि तिथेच मुलं झोपलेली. तुम्ही तुमची छत्रीवाली मच्छरदाणी पाठवा, आणि घरी संध्याकाळची धुरी देत असाल तर तेही तेच, धूर तो धूर.

सूतगुंडी:
सिपर राहिला की. आत नळ्या-व्हॉल्व्ह असलेला घेऊ नका, कितीही "लीकप्रूफ" असला तरी त्या व्हॉल्व्हमध्ये दूध साचतं आणि काळं धरतं, पाळणाघरात कोण ब्रश घालून धुणार. उघड्या तोंडाची छोटी स्टीलची वाटी नाहीतर पेला सगळ्यात स्वच्छ, उकळता येतो, आठ महिन्यांची मुलं शिकतात हळूहळू, सांडतात फक्त. आमच्या घरी चांदीचं बोंडलं होतं, त्यानंच चार पोरं प्यायली. बाटलीच लागणार असेल तर त्यावर आयएसआय मार्क बघा, दूध पिण्याच्या बाटल्यांना तो कायद्यानं लागतो, आणि बीपीए (कडक प्लास्टिक बनवताना वापरतात ते रसायन) असलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर 2015 पासून बंदी आहे. त्यामुळे "बीपीए फ्री" म्हणून जास्त पैसे मागत असतील तर ते कायदा पाळल्याचे पैसे मागतायत. फक्त उकळतं दूध प्लास्टिकमध्ये ओतायचं नाही, पेल्यात कोमट करून मग.

मनूची_आई:
थँक्यू सगळ्यांना, यादी निम्म्यावर आली. बोंडलं सासूबाईंकडे आहे!! विचारलं तर लगेच माळ्यावरून काढून घासायला बसल्या, खूश एकदम.
वॉकरचं राहिलं. भावाला वाईट वाटेल म्हणून विचारतेय, रोज थोडा वेळ, समोर बसून, चालेल का?

बाबा_ऑन_ड्यूटी:
नाही चालणार. कॅनडात 2004 पासून विक्रीवरच बंदी आहे, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कधीपासून बंदी मागतेय. चाकांवर मूल एवढं जोरात जातं की समोर बसलेला माणूस उठेपर्यंत ते जिन्यापाशी नाहीतर गॅसच्या ओट्यापाशी, आणि बसल्याजागी उंची वाढल्यामुळे टेबलावरचा चहा हाताला लागतो. बरं त्यानं चालायलाही लवकर येत नाही, उलट बोटांवर रेटायची सवय लागते. आमच्याकडे भारतात बंदी नाही म्हणून दुकानात मिळतो, एवढंच.

आजोळ:
भावाला सांग पावती असेल तर बदलून पांगुळगाडा आण. त्यात मूल आत बसत नाही, धरून उभं राहतं आणि ढकलतं, पाय स्वतःचेच. मनूला लगेच लागणार नाही, उभी राहायला लागली की. लाकडी, रुंद बुडाचा बघा. फार हलका असेल तर तिनं दांडी ओढली की अंगावर येतो, मग पुढच्या बाजूला तांदळाची दोन किलोची पिशवी बांधून ठेवायची, चाकंही जरा हळू फिरतात त्यानं. आणि सांधे नीट बघ, बोट जाईल एवढी फट नको. लक्ष्मी रोडला नाही मिळाला तर तुळशीबागेत मंदिराच्या मागच्या गल्लीत लाकडी सामानवाले आहेत त्यांना विचार.